व्हर्लिन स्टकीचं साडेतीन इंच खाली आलेलं छप्पर

व्हर्लिन स्टकीने आयुष्यातली एकतीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या आणि उरलेला सगळा वेळ वीतभर लांबीच्या गाड्या बिघडवल्या. हे वाक्य त्याचंच आहे. गावच्या पेपरात छापताना मी फक्त त्यातली एक शिवी काढली.

ब्रूक्टनमध्ये आमचं ‘पंचविसावा हिस्सा’ नावाचं मंडळ आहे. सभासद एकोणीस, त्यातल्या चौदांचे गुडघे बदललेले. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी प्लास्टिकची गाडी बनवणं हे मंडळाचं काम. खोक्यातून सुटे भाग आणि एक कागद मिळतो. कागदाप्रमाणे भाग जोडले की गाडी तयार होते. पण कागदाप्रमाणे जोडणाऱ्याला मंडळात कोणी विचारत नाही. मडगार्ड काढून टाकायचे, पुढचा भाग जमिनीला टेकवायचा, बॉनेटमध्ये न मावणारं इंजिन बसवायचं, मग ती हॉट रॉड. आमच्या तरुणपणी इंडियानाच्या या सरळसोट रस्त्यांवर ज्यांच्याकडे खऱ्या हॉट रॉड होत्या, त्यांची धूळ आम्ही खाल्ली. आता त्याच गाड्या आम्ही तळघरात बनवतो. तळघरात अपघात होत नाहीत, असं आम्ही बायकांना सांगतो.

व्हर्लिनच्या तळघरात न उघडलेली दोनशे चौदा खोकी आहेत. तो एकाहत्तरचा आहे, आणि वर्षाला दोन गाड्या या त्याच्या वेगाने ती संपवायला त्याला वयाच्या एकशे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगावं लागेल. “डॉक्टरला सांगितलं मी हे,” तो म्हणतो. “तो म्हणाला, मीठ कमी करा.” भिंतीला दोऱ्यावर प्लास्टिकचे शंभरेक चमचे टांगलेले आहेत, प्रत्येकावर वेगळा रंग. नवा रंग आधी चमच्यावर मारून बघायचा असतो. चमचे आइस्क्रीमच्या दुकानातून येतात, आणि तिथली बाई हल्ली व्हर्लिनला पाहून डबा काउंटरखाली ठेवते. चिमट्यातून एखादा भाग उडाला की तो गालिच्यात जातो आणि गालिचा तो परत देत नाही. व्हॅक्युम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करून त्यात मोहरीएवढा आरसा शोधणारा माणूस मी व्हर्लिनच्या घरी पाहिला. तोपर्यंत मला वाटत होतं की हे मी एकटाच करतो.

मार्चमधल्या वार्षिक स्पर्धेत तो बावीस वर्षं भाग घेत होता. त्याला दोनदा तिसरं बक्षीस मिळालं होतं. त्यातल्या एका वेळी गाड्याच तीन होत्या.

त्याची अडचण छप्पर होती. हॉट रॉडचं छप्पर कापून खाली आणावं लागतं. म्हणजे खिडक्यांमधल्या खांबांतून पट्टी कापून काढायची आणि छप्पर पुन्हा चिकटवायचं. प्लास्टिकमध्ये हे केसाएवढ्या करवतीने करतात. व्हर्लिनने जन्मात अकरा छपरं कापली आणि अकराही तिरकी बसली. “ड्रायव्हरच्या बाजूने बघ, गाडी घाट चढतेय,” तो म्हणायचा. “दुसऱ्या बाजूने बघ, उतरतेय. एका गाडीत दोन गाड्या.”

आता लॉवेल बॉमगार्टबद्दल सांगायला हवं. डॉक्टर बॉमगार्ट हे गावाचे निवृत्त दंतवैद्य आणि एके काळचा व्हर्लिनचा जिवलग मित्र. नऊ वर्षांपूर्वी लॉवेलने स्पर्धेत छप्पर कापलेली एक मर्क्युरी गाडी आणली, कार्डावर लिहिलं ‘छप्पर मी स्वतः कापलं’ आणि पहिलं बक्षीस घेतलं. व्हर्लिनने गाडी उलटी केली. छपराच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे होते. असे बुडबुडे फक्त विकत मिळणाऱ्या ओतीव छपरात असतात. तो ते लॉवेलच्या कानात सांगू शकला असता. त्याने ते सगळ्या हॉलला सांगितलं. लॉवेलने बक्षिसाचा कप टेबलावर ठेवला आणि कोट घालून निघून गेला. दोन वर्षांनी तो मंडळात परत आला, पण तेव्हापासून व्हर्लिनला ‘मिस्टर स्टकी’ म्हणतो आणि कामापुरतंच बोलतो.

व्हर्लिनने तिथेच न थांबता नियमही लिहिला. नियमावलीतला तो अकरावा. ‘कार्डावरचा प्रत्येक बदल कार्डावर नाव असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने केलेला असावा. परीक्षकाने विचारल्यास उत्तर सर्वांना ऐकू जाईल असं द्यावं.’ दुसरं वाक्य त्याने आग्रहाने घालून घेतलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, तळघरातला पहिला अपघात झाला. तोही वर, स्वयंपाकघरात.

व्हर्लिनच्या बायकोकडे, ओपलकडे, मांस आणि फळं वाळवायचं गोल यंत्र आहे. जाळीच्या थाळ्या एकावर एक रचायच्या, वर झाकण, खालून गरम हवा. आमच्यापैकी निम्म्यांनी बायकांची अशी यंत्रं पळवलेली आहेत, कारण एकशे पाच अंश फॅरनहाइटवर गाडीचा रंग फार सुरेख वाळतो. स्टकींच्या घरात याबाबत तह आहे: हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाल्यापासून नवीन वर्षापर्यंत यंत्र ओपलचं, एरवी व्हर्लिनचं. व्हर्लिनने तह मोडला. चौतीस सालच्या फोर्डच्या सांगाड्यावर त्याने राखाडी अस्तर मारलं होतं. तो सांगाडा त्याने तळाच्या थाळीत हळूच ठेवला, बटण एकशे पाचवर लावलं आणि तो जेवणानंतरची डुलकी घ्यायला गेला.

ओपल आली. तिने तळाशी पाहिलं नाही. मसाल्यात मुरवलेल्या हरणाच्या मांसाच्या चार थाळ्या वर रचल्या आणि बटण एकशे साठवर नेलं. झाकण नीट बसेना म्हणून वर बिडाचा तवा ठेवला आणि ती चर्चमध्ये सणाच्या पाय-पेस्ट्रीसाठी पोळ्या लाटायला निघून गेली.

सहा तासांनी तळघराच्या जिन्यावरून हाक आली.

“व्हर्लिन! माझ्या मांसाखाली काय आहे?”

“काही नाही.”

“या ‘काही नाही’ला दारं आहेत.”

तो वर गेला. गाडी ओठ मिटून बसलेल्या म्हातारीसारखी दिसत होती. ओपलने खरंच माफी मागितली. “मला वाटलं मांस जाड कापलं गेलं, म्हणून झाकण वर राहतंय. मग ते आपोआप बसलं.”

झाकण आपोआप बसलं नव्हतं. सगळ्या थाळ्यांचा भार गाडीच्या टपावर होता. प्लास्टिक मऊ होत गेलं, तव्याच्या वजनाने टप खाली जात राहिला आणि थाळी आपल्या कडेवर टेकल्याबरोबर थांबला. व्हर्लिनने रडण्याआधी सवयीने मोजपट्टी लावली. चारही खांब साडेतीन मिलिमीटरने बुटके झाले होते. चारही. खऱ्या गाडीत हे साडेतीन इंच होतात, आणि चौतीसच्या फोर्डचं छप्पर नेमकं तेवढंच खाली आणावं याबद्दल आमच्या मंडळात, जिथे कशाबद्दलच एकमत नसतं, एकमत आहे.

पुढचे तीन महिने त्याने मान मोडून काम केलं. खांब बाहेर फुगले होते ते कानसले, ओघळांचे डाग घासले, पुढच्या-मागच्या नव्या काचा कापल्या, लाल रंगाचे नऊ हात दिले. हे सगळं त्याने स्वतः केलं. छपराचं ओपल सोडून कोणाला सांगितलं नाही.

मार्चमधला शनिवार. अग्निशमन दलाने बंब बाहेर काढून आम्हाला हॉल दिला होता. एका कोपऱ्यात चर्चच्या बायकांचं खाण्याचं टेबल, तिथे ओपल एप्रन बांधून खिम्याचे पाव भरत होती. दाराशी कार्डं घ्यायला मी. व्हर्लिनने गाडी अशी ठेवली की जणू ती झोपली आहे. मी कार्ड वाचलं. चौथा रकाना: काय बदल केले आणि कसे?

“‘छप्पर साडेतीन इंच खाली’,” मी वाचलं. “कोणी आणलं? कसं आणलं?”

“तू आज पेपरवाला आहेस की कारकून?”

“कारकून.”

“मग शिक्का मार आणि गप बस.”

मी शिक्का मारला. सरकारी कचेऱ्यांची पत्रकं वाचण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. काय झालं ते असतं आणि कोणी केलं ते नसतं, अशा ओळी मला लांबून ओळखू येतात. पण छप्पर खाली आणलेल्या गाड्यांच्या त्याच गटात माझीही एक गाडी होती, तिच्या काचेवर माझा अंगठा छापला गेला होता, आणि मी कोणाकडे बोट दाखवण्याच्या परिस्थितीत नव्हतो. मला वाटलं, त्याने विकतचं छप्पर आणलं असावं.

दुपारी परीक्षक आले. तिघांचा प्रमुख त्या वर्षी लॉवेल. त्याच्या हातात छोटी बॅटरी आणि दात बघायचा आरसा. लाल फोर्डपाशी तो थांबला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गुडघ्यावर बसला, जे त्याच्या गुडघ्यांना परवडत नाही. मग खिडकीतून आरसा आत सरकवला. लोक जमा झाले. व्हर्लिन टेबलाच्या पलीकडे उभा होता, त्याचे कान गाडीच्या रंगाचे झाले होते.

“चाळीस वर्षं मी लोकांच्या दातांतले जोड लपवले,” लॉवेल उठत म्हणाला. “कितीही लपवला तरी जोड दिसतो. इथे जोडच नाही. बुडबुडाही नाही, मी बघितलं.” त्याने बॅटरी विझवली. “मिस्टर स्टकी, या हॉलमध्ये आलेलं हे सगळ्यात चांगलं छप्पर आहे.”

एवढ्यावर व्हर्लिन नुसतं ‘आभार’ म्हणाला असता तर पहिलं बक्षीस त्याचं होतं. बावीस वर्षांनी. लॉवेलला संशय नव्हता. म्हणूनच तो पुढे जे बोलला ते व्हर्लिनला जास्त लागलं.

“मला हे कधी जमलं नाही. तुम्हाला ते माहीत आहेच, सगळ्या गावाला माहीत आहे. पण मला शिकायचंय. कसं कापलंत?”

व्हर्लिनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शिक्क्याकडे पाहत होतो.

“कापलं नाही,” तो म्हणाला.

“ऐकू येत नाही,” मागून कोणीतरी ओरडलं. “अकरावा नियम!”

“कापलं नाही!” व्हर्लिन ओरडला. “वितळलं! ओपलच्या यंत्रात, हरणाच्या मांसाखाली, एकशे साठ अंशांवर सहा तास. वर तवा होता. मी झोपलो होतो.”

लॉवेलने गाडी उचलली, खिडकीशी नाक नेलं आणि हुंगली.

“लसूण,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, वास पावांच्या टेबलावरून येतोय.”

मग हसण्याचा जो आवाज झाला, तो ऐकून बाहेर बंबापाशी उभी असलेली माणसं आत आली. सगळ्यात जोरात व्हर्लिनच हसत होता. हसता हसता त्याने कार्ड उचललं आणि दोन तुकडे करायला धरलं.

“थांब,” लॉवेल म्हणाला. “फाडू नकोस. कार्ड परीक्षकांचं आहे. नियम म्हणतो ‘स्वतःच्या हाताने’. मुद्दाम केलेला असावा असं म्हणत नाही. नियम लिहिणाऱ्या दीडशहाण्याच्या ते लक्षात आलं नसेल. बटण कोणी फिरवलं?”

“ओपलने.”

“तवा?”

“ओपलने.”

“मग बदल तिचा. नाव चुकलंय.” लॉवेलने पेन काढलं. वरच्या रकान्यात ‘व्हर्लिन स्टकी’वर रेघ मारली आणि दंतवैद्याच्या अक्षरात ‘ओपल स्टकी’ लिहिलं. मी शिक्का पुन्हा मारला.

“आणि माझे नऊ हात? काचा? कानस?”

“मदतनीस म्हणून तळाला घालतो,” लॉवेल म्हणाला. “बारीक अक्षरात.”

तिघा परीक्षकांनी पाच मिनिटं डोकी एकत्र केली. छप्पर खाली आणलेल्या गाड्यांच्या गटात ओपल स्टकी पहिली आली. माझी गाडी सातवी आली. गाड्या सात होत्या.

ओपल एप्रनला हात पुसत आली. तिने कप घेतला, उलटा करून खाली काय लिहिलंय ते वाचलं.

“हे कशासाठी?”

“छपरासाठी,” लॉवेल म्हणाला.

“ज्याच्यासाठी मी नाताळपर्यंत माफी मागत होते, त्या?” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “व्हर्लिन, माझी माफी परत दे.”

“घरी देतो.”

“आणि तह रद्द. यंत्र बाराही महिने माझं.”

व्हर्लिनने मान हलवली. त्याच्याजवळ वाटाघाटीला काही उरलं नव्हतं. तो खिम्याचा पाव घेऊन बाकावर बसला. लॉवेल त्याच्या शेजारी बसेल असं मला वाटलं होतं. पण तो ओपलच्या मागे मागे टेबलापर्यंत गेला, कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक सांगाडा काढला आणि तिच्यासमोर धरला. एकोणपन्नासची मर्क्युरी, छप्पर अजून न कापलेलं.

“ओपल, एकशे साठवर हिला किती तास लागतील?”

ओपलने गाडी हातात घेऊन टपावर अंगठा दाबून पाहिला.

“ते मांस किती जाड कापलंय त्यावर आहे,” ती म्हणाली.