लिव्हरमधलं बिऱ्हाड

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग फजिती ऐका. दुसऱ्यानं मीठमसाला लावून सांगण्यापरीस मीच सांगतो.

मी चाकूरचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. दारूच्या थेंबाला कधी शिवलो न्हाई. उलट पिणाऱ्याला भर चौकात शिव्या घालणारा मी! आन् लातूरच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं काय? "अप्पा, लिव्हरमध्ये मोठी गाठ आहे. रक्त तपासू, मग कळेल कशाची."

लिव्हर! बातमी माझ्या आधी गावात पोचली.

"अप्पा, देशी का इंग्लिश?" चहाच्या हॉटेलवाल्या शिवानं विचारलं.

माझं टकुरं सरकलं. सदरा वर केला. "दाब! दाबून बघ मुडद्या! दारूची गाठ अशी लागती का?"

त्यानं दाबली. मग काय, येईल त्याला दाबायला लावली. अर्ध्या गावानं माझं पोट आंब्यावानी चाचपलं.

पुढच्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट बघायला गेलो, तवा हे डॉक्टरला ऐटीत सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच.

"अहो, ती जंताची पिशवी आहे! आत फुटली असती तर जागच्या जागी गेला असता!"

"जंत तर आतड्यात ऱ्हातेत की."

"हा कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की लिव्हरमध्ये घर करतो. कुत्रं आहे का घरी?"

"हाय की, मोत्या. आमी एकाच ताटात जेवतो."

शेजारी बसलेल्या आमच्या मंडळीनं कपाळावर हात मारला.

आधी गोळ्या, मग ऑपरेशन. डॉक्टरनं मोबाइलवर काढलेल्या गाठीचा फोटो दाखवला. पांढरीफटक पिशवी, आत द्राक्षाच्या मण्यांवानी फुगे. डोळ्याला दिसत न्हाई एवढं अंडं. वर्षानुवर्षं माझ्यात बिऱ्हाड थाटून, लेकरंबाळं वाढवून बसलं, आन् मला पत्ता न्हाई! त्या पोरसवदा डॉक्टरनं चहूबाजूनं औषधात भिजवलेले कपडे लावून, एक थेंब सांडू न देता सगळं उचलून काढलं. जित्या माणसाला मी कधी हात जोडले न्हाईत. त्याला जोडले.

घरी आल्या आल्या मंडळीला म्हणलं, "आता गावाला सांग, ह्यो माणूस पीत न्हाई."

बाई थेट चौकात. ठणाणा ओरडली, "ऐका रे! आमचे हे दारू पीत न्हाईत! कुत्र्याचं उष्टं खातेत!"

झालं. आता मला दारुडा कोणी म्हणत न्हाई. फक्त हॉटेलात पाय ठेवला की शिवा आत ओरडतो, "अप्पाला चहा बशीत द्या रे, चाटायला सोपा जातो!"