नोकरी गेली, उत्पन्न वाढलं

आमच्या गावातला मटणाचा कारखाना बंद पडला. तिथं आयुष्यभर सुरी चालवलेल्या माझ्या हुहानाताईला एकरकमी भरपाई मिळाली, ती घराच्या कर्जात गेली. उत्पन्न वाढलं की कळवा, असं पोरांचा भत्ता देताना सरकारनं बजावलं होतं. पण नोकरी गेल्यावर ‘उत्पन्न वाढलं’ म्हणून फोन करायला कुणाचं डोकं फिरलंय?

वर्षअखेरीला राजधानीतून, वेलिंग्टनहून, भत्ता देणाऱ्या सरकारी खात्यातल्या एका बाईंचाच फोन आला.

“तुमचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलंय. पोरांचा भत्ता परत करावा लागेल.”

“अहो, नोकरी गेलीय माझी!”

“हो, त्याचेच पैसे उत्पन्नात धरलेत. हवं तर दर आठवड्याला पगारातून कापून घेऊ.”

“घ्या की,” ताई म्हणाली. “पगार तेवढा तुम्हीच शोधून द्या.”