तिसरा चमचा

क्रेगीबर्नमध्ये गाडी शिकलेल्या निम्म्याअधिक देशी पोरांनी यतिन वर्टीची बोलणी खाल्ली आहेत. ही बोलणी तोंडाने नसायची. स्टॉपच्या पाटीपाशी चाकं पुरती थांबली नाहीत, तर तो नुसता खिडकीबाहेर बघत बसायचा, आणि त्यापेक्षा शिव्या परवडल्या असं पोरांना वाटायचं. रस्ता ओस पडलेला असला तरी गाडी थांबलीच पाहिजे. आणि चूक झाली तर तिथल्या तिथे बोलून टाकायची, लपवलेली चूक पुन्हा होते, हे त्याचं लाडकं वाक्य होतं.

गिरगावातून परदेशी शिकायला आला, टॅक्सी चालवून डिग्री मिळवली. डिग्री भिंतीवर राहिली आणि हातात स्टीअरिंग राहिलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते त्याच्या बायकोला, चित्रलेखाला, तेही फक्त भांडताना. एरवी ती त्याच्या नियमांना हसायची. "हा देवाच्या दारातसुद्धा रांग कुठे सुरू होते ते आधी विचारेल," असं मैत्रिणींना सांगायची.

अशा या माणसाने जन्मात एकदाच नियम मोडला.

चित्रलेखाचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. तोंडातून काही द्यायचं नाही, अशी पाटी पलंगाच्या डोक्याशी लावलेली होती. नर्सने कारणही नीट समजावलं होतं. आतडी अजून झोपलेली आहेत, उलटी झाली आणि खाल्लेलं फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. इकडे सगळं समजावून सांगतात, त्याचं यतिनला कोण कौतुक. तिसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. त्या दुपारी तो स्वतःसाठी थर्मासमध्ये पेज घेऊन गेला होता, उकड्या तांदळाची, नुसत्या मिठाची. झाकण उघडलं आणि वासाने चित्रलेखाने डोळे उघडले. तिने मागितली. तो नाही म्हणाला. तिने पुन्हा मागितली, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात कधी काही न मागणाऱ्या बाईपुढे त्याचा नियम विरघळला. वरचं पाणी त्याने दोन चमचे दिलं. मग त्याचं त्यालाच भय वाटलं आणि त्याने झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमकडे जाताना ती कोसळली, ती उठलीच नाही. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर म्हणाले की फुफ्फुसात काहीतरी झालंय असं दिसतं, नक्की काय ते तपासणीनंतर कळेल. ते पुढेही बोलत होते, पण यतिनने फुफ्फुस एवढाच शब्द धरला आणि तो घेऊन घरी आला.

तेराव्याच्या सुमाराला हॉस्पिटलमधून हेलन नावाच्या बाईचे फोन सुरू झाले. चित्रलेखाच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल आम्ही सॉरी आहोत, काय घडलं ते तुम्हाला समोर बसून सांगायचंय, असं ती म्हणायची. सॉरीचं यतिनला काही वाटलं नाही. या देशात ज्याच्या पायावर पाय पडतो तोही सॉरी म्हणतो. समोर बसून सांगायचंय म्हटल्यावर मात्र त्याने फोन आवरता घेतला. चोराच्या मनात चांदणं. तपासणीत पेज सापडली, दुसरं काय असणार? तो आज बरं नाही म्हणाला, उद्या ड्रायव्हिंगचा धडा आहे म्हणाला. शेवटी हेलनने हळूच सांगितलं की ऐकायचंच नसेल तर तसं लिहून देता येतं. त्याला एवढं हायसं वाटलं, की त्याने लगेच होकार दिला.

तनयाला ते कळलं आणि ती भडकली. यतिनची ही एकुलती एक मुलगी, युनीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि आई गेल्यापासून बापाशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

"बाबा, दे हॅव टु टेल अस. इट्स द लॉ."

"सांगायचं बंधन त्यांच्यावर आहे. ऐकायचं माझ्यावर नाही."

"फाइन. मग मी जाते."

यतिनने हा हिशेब केला नव्हता. पोरीची आई तर गेलीच होती. आता बाप काय करून बसला, ते ती परक्यांच्या तोंडून ऐकणार होती. मग आपण समोर असलेलं बरं, असं ठरवून तो निघाला. वाटेत गाडीतच सांगून टाकायचं त्याने तीनदा मनात आणलं, पण दर वेळी सिग्नल हिरवा झाला.

छोटी खोली होती. हेलन होती, आणि सर्जन होते. ते तोंड उघडणार तेवढ्यात यतिनच बोलला. कोर्टात उभा राहिल्यासारखा उभा राहून त्याने पेजेचं सगळं सांगितलं. तनयाकडे त्याने बघितलं नाही.

सर्जननी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की तसं काहीही झालेलं नाही. रक्ताची गुठळी पायातून फुफ्फुसात गेली होती. ती होऊ नये म्हणून रोज इंजेक्शन द्यायचं असतं, ते वॉर्ड बदलताना राहून गेलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत म्हटलं. तनयाने बापाचा हात घट्ट धरला. आपल्या मनावरचा दगड उतरतोय, असं यतिनला खरंच वाटलं.

पण कायदा अर्धवट सांगू देत नाही, आणि सर्जन सचोटीचे होते. त्या गोंधळात आणखी एक निरोप हरवला, असं ते म्हणाले. वॉर्ड बदलला त्याच दिवशी सकाळी त्यांनी चित्रलेखाचं पोट तपासलं होतं. आतडी जागी झाली होती. पातळ पदार्थ सुरू करायला त्यांनी सांगितलं होतं, पण ते ना नर्सपर्यंत पोचलं, ना तिच्यापर्यंत. पाटी तशीच राहिली.

"पेज चालली असती?" यतिनने विचारलं.

"राइस वॉटर," तनयाने सर्जनसाठी इंग्रजीत सांगितलं.

चालली असती, सर्जन म्हणाले. सावकाश, हवी तेवढी.

"बाबा, इट वॉझन्ट यू," तनया रडत म्हणाली. तिला वाटलं, आता तो सुटला.

यतिनने नाही म्हणून मान हलवली. तो खुर्चीत बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"तिने तिसरा चमचा मागितला होता गं," तो म्हणाला. "तोंड उघडून थांबली होती. मी रूल आहे म्हटलं, आणि झाकण लावलं. तिला परवानगी होती तनया, आणि ती उपाशी गेली."