पेशंटच्या शब्दांचा रकाना

ट्रेनिंगच्या सरांनी माझा कागद दोन बोटांनी धरला होता. ओलं फडकं धरतात तसा. खोलीत आम्ही चौदा ट्रेनी. ते मोठ्यानं वाचू लागले.

"'सकायमा डोकं गरगर फिरस. हातपाय कापतस. घाम सुटस.'"

थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

"सर, पेशंटची तक्रार. त्यांच्याच शब्दांत लिहा, असं फॉर्मवर आहे."

"त्यांच्या शब्दांत की तुझ्या? घरी हेच बोलता ना तुम्ही?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "सीट कोट्यातून मिळते. भाषा नाही मिळत."

सगळे हसले. पुढचे, मागचे, माझ्या डब्यातली भाकरी खाणारी मैत्रीणसुद्धा. आणि मीही हसले. ते अजून गिळता येत नाही. माझ्यावर हसणाऱ्यांत मी होते.

मी भिल्लाची. दोंडाईचाजवळच्या गावातली. माय मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाते. घरी आली की हात पाण्यात बुडवून बसते. शाळेत 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की गुरुजी उभं करायचे. मी लवकर शिकले. बाहेर एक जीभ, घरी एक. बारावीनंतर जळगावला आले. औषधशास्त्राचा लांबलचक कोर्स. शेवटचं वर्ष दवाखान्यातच काढायचं असतं, ट्रेनी म्हणून. मेहरूणला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो.

आमचं काम केअर प्लॅन लिहायचं. पेशंट कोणकोणती औषधं घेतो, कुठलं कुठल्याशी भांडतंय, कुठलं जास्त होतंय, काय बदलावं, कशावर नजर ठेवावी, हे सगळं खाटेजवळ बसून विचारायचं आणि लिहायचं. डॉक्टर आजार बघतात. आम्ही औषध बघायचं. निदान पुस्तकात तरी तसं आहे.

मला बायकांचा वॉर्ड होता. कोपऱ्यातल्या खाटेवर अमळनेरकडच्या एक आजी. सगळे त्यांना अक्का म्हणत. साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. बाकीचे ट्रेनी त्यांच्याकडे जायचे नाहीत. "त्या काय बोलतात कळतच नाही," म्हणायचे. मला कळायचं. बठ्ठं, सगळंच कळायचं.

पहिल्या दिवशी मी प्रमाण मराठीत विचारलं. अक्कांनी मान हलवली, बस. मग आजूबाजूला कुणी नाही बघून मी हळूच विचारलं, "अक्का, सकायले कसं वाटस?"

म्हातारीनं माझा हात धरला. तासभर बोलत होती. रोज पहाटे गरगरतं, घाम फुटतो, मग सून साखरेचा चहा देते तेव्हा बरं वाटतं. बोलता बोलता त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांचं पाकीट. गावच्या डॉक्टरनं दिलेलं. एक दिवस चुकवायची नाही असं बजावून.

"सिस्टर देस ती बी खास, हाई बी खास. दोन्ही."

मी पाकीट वाचलं. नाव वेगळं होतं, कंपनी वेगळी. औषध तेच. साखर कमी करायची तीच गोळी अक्का रोज दोनदा घेत होत्या. खाटेला लावलेला तक्ता बघितला. पहाटेची साखर दोनदा खाली गेलेली. त्यात मूत्रपिंडं थकलेली, म्हणजे औषध अंगात जास्त वेळ राहणार.

"डॉक्टरले सांगू नको, माय. राग भरतीन."

"नही भरतीन. मी इचारीसन सांगस तुमले," मी म्हटलं.

त्या दिवशी खोलीवर जाताना मला पहिल्यांदा वाटलं की मी या दवाखान्यात कुणीतरी आहे. केअर प्लॅन दोनदा लिहून काढला. तक्रार अक्कांच्या शब्दांत. खाली ठळक अक्षरात: एकच औषध दोन नावांनी सुरू आहे, साखर धोकादायक उतरू शकते, आजच डॉक्टरांना कळवावे.

तोच कागद सरांच्या दोन बोटांत होता.

हसून झाल्यावर त्यांनी लाल पेन काढलं. तक्रारीवर काट मारली. शेवटच्या ओळीवर तर दोन काटा.

"ट्रेनी डॉक्टरला कळवणार? वॉर्डाच्या डॉक्टर मॅडमना शिकवणार तू? नीट लिहून आण. इंग्रजीत."

मी लिहून आणला. इंग्रजी चांगलं होतं. तक्रार: विशेष नाही. औषधांची अडचण: आढळली नाही. खाली माझी सही. सर म्हणाले, "बघ, जमतं की."

अक्कांना 'विचारून सांगते' म्हटलं होतं. मी त्या खाटेकडे फिरकलेच नाही. लांबून दिसल्या की दुसऱ्या दारानं जायचे. लाज कुणाची वाटत होती? त्यांच्या बोलीची. म्हणजे माझी.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तर खाट रिकामी. पहाटे अक्का बाथरूमला जाताना कोसळल्या होत्या. साखर तळाला. ग्लुकोज देऊन शुद्धीवर आणलं, पण खुब्याचं हाड मोडलं होतं.

सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. पहिल्यांदाच 'बेटा' म्हणाले.

"पदरात गोळ्या सापडल्यात. आता चौकशी होईल. तू नवीन प्लॅन लिही, परवाची तारीख टाक. लिही की पेशंटनं माहिती लपवली. सही कर. तुझंही करिअर आहे."

हातात कोरा फॉर्म दिला.

मी फॉर्म घेऊन आधी अक्कांकडे गेले. दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. पायाला वजन टांगलेलं. सून उशाशी बसलेली. मला बघून अक्कांनी तोंड फिरवलं नाही, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या,

"तुले तं मी सांगेल व्हतं ना, पोरी."

एवढंच.

गुरुजींनी उभं केलं तेव्हा मी रडले होते. सर हसले तेव्हा मी हसले होते. या वाक्यावर मला काहीच करता आलं नाही. माझा अपमान झाला होता, खरं. पण तो झटकून मी या म्हातारीवर टाकला होता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी तिच्यासारखं बोलले. आणि मी तिचं बोलणं माझ्या हातानं खोडलं. सरांनी काट मारली होती, पण 'आढळली नाही' हे अक्षर माझं.

मी तिथेच, खाटेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं. परवाची नाही, लिहीत होते त्याच दिवसाची तारीख टाकली. पेशंटनं गोळ्यांबद्दल मला स्वतःहून सांगितलं होतं. मी ते लिहिलं होतं. मला ते काढायला सांगितलं गेलं. मी काढलं. सही. लाल काटांचा पहिला कागद माझ्याकडेच राहिला होता, तो सोबत जोडला. सुनेला सगळं वाचून दाखवलं, आमच्या बोलीत, मोठ्यानं. आसपासच्या खाटांना ऐकू जाईल असं.

मग वॉर्डाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी उभ्यानंच वाचलं.

"हे माझ्याकडे तेव्हाच का नाही आलं?"

"मी आणलं नाही म्हणून, मॅडम."

त्यांनी कागद फाईलला लावला.

सरांचं काही झालं नाही. बंद दाराआड बोलणं झालं म्हणे. अक्कांचं ऑपरेशन झालं, त्यांना गाडीत आडवं घालून घरी नेलं. चालतात की नाही, मला माहीत नाही. माझ्या शेऱ्यात सरांनी लिहिलं: वर्तन असमाधानकारक. दोन महिने पुन्हा. बरोबरचे पुढच्या वॉर्डात गेले, मी तिथेच राहिले, नव्या मुलांबरोबर. पहिल्याच दिवशी सर त्यांना म्हणाले, "ही आमची सत्यवादी."

काही हसले. मी हसले नाही. सरांकडे बघत राहिले, त्यांनी नजर काढून घेईपर्यंत.

दोन महिने काय, दोन वर्षं लावा. मी खाटेवर बसेन, विचारेन, पेशंट जे सांगेल तेच लिहीन. ज्याला खोडायचं असेल त्यानं स्वतःच्या पेनानं खोडावं आणि खाली स्वतःची सही करावी. माझ्या हातून ते आता होणार नाही.