सखारामभाऊंची बहिरी बोटं

सखारामभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली ती धुक्यात. मी नागावचा, होड्या रंगवणारा. पौषातल्या एका सकाळी रंगाचे डबे घेऊन चौलकडे निघालो होतो. चौलच्या वेशीत शिरलो तोच एका सुपारीच्या वाडीतून गुरगुर ऐकू आली. लाँच वाट चुकून जमिनीवर आली की काय, असं वाटून आत डोकावलो, तर आंब्याच्या फांदीला दोरानं टांगलेलं एक यंत्र, भोवती सोनेरी भुसा, आणि त्या भुशात एक गृहस्थ. लाकडातून गरुडाचा पंख बाहेर येत होता. पेट्रोल आणि फणसाच्या लाकडाचा तो मिसळलेला वास आजही मला स्वप्नात येतो.

ती साखळीची करवत मुंबईच्या एका वखारवाल्यानं मोडकी म्हणून टाकून दिली होती. भाऊंनी ती दुरुस्त केली. वजन पेलेना म्हणून फांदीला टांगली आणि झोका द्यावा तशी चालवू लागले. गावानं तिला 'भुंगा' म्हटलं. काहींनी भाऊंना वेडं म्हटलं, पण ते ऐकू येण्याइतका भुंगा कधी थांबलाच नाही.

कोकणात कसली थंडी, असं मुंबईकर म्हणतात. त्यांनी एकदा पहाटे भाऊंच्या वाडीत उभं राहून पाहावं. पावसात लाकूड ओलं, उन्हाळ्यात ते तडकतं, म्हणून मोठ्या कोरीवकामाचे दिवस थंडीचेच. वादळानं पाडलेलं झाडच भाऊ घेत. एका बागाईतदारांनी उभा फणस देऊ केला, तेव्हा भाऊ म्हणाले, "त्याचे गरे अजून पोरं खातायत. पडंल तेव्हा बोलवा." बागाईतदार रुसले, फणस उभा राहिला.

माझी मुलगी चालायला उशीर करत होती, तेव्हा घरात सगळे चिंतेत होते. भाऊ न सांगता पांगुळगाडा घेऊन आले. त्याच्या दांडीवर त्यांनी एक पोपट बसवला होता. पोपटाला पकडायला म्हणून पोर उठली आणि चालली. हे लिहिताना आजही माझे डोळे भरून येतात.

पण भुंग्यानं त्यांच्याकडून मोल घेतलं. त्याच्या थरथरीनं भाऊंची बोटं थंडीत पांढरी पडू लागली. एका सकाळी त्यांच्या हातून चहाची कपबशी सुटली आणि ती सुटल्याचं त्यांना तुकडे पाहून कळलं. ज्यांचं पोट बोटांवर, त्यांची बोटंच गेली तर उरतं काय?

त्याच दिवसांत रेवदंड्याच्या हिराबाई कोळीण आल्या. त्यांची होडी खडकावर फुटली होती. माणसं वाचली, पण घरधनी नव्या होडीत पाय ठेवीनात. जुन्या होडीची नाळ, म्हणजे पुढचा उभा लाकूडभाग, तिच्यावर सुरमई कोरून नवीवर बसवली तरच जाईन, म्हणत होते. त्या नाळेत मोडलेले गंजके खिळे होते. साखळी खिळ्यावर गेली की तुटून अंगावर येते, म्हणून भाऊ आधी लाकूड बोटांनी चाचपत.

ते सरळ म्हणाले, "बाई, माझी बोटं बहिरी झालीत. दुसरीकडं जा."

"तुमची न्हाय चालत तं माजी घ्या," हिराबाई म्हणाल्या. "म्हावऱ्याचा काटा मी डोलं मिटून काढतंय."

मासळी विकून झाली की त्या येत, नाळ चाचपत आणि खिळा लागेल तिथं हळदीचं बोट टेकवत. खुणा करून झाल्या, आम्ही जेवायला गेलो. परतलो तर शेजारच्या काकूंनी हळद लागलेलं लाकूड पाहून देव समजून मनोभावे पूजा केलेली. सगळ्या नाळेवर हळद, कुंकू, वर जास्वंद. खिळा कुठला आणि भक्ती कुठली, काही कळेना.

भाऊ खाली बसले ते हसतच. हिराबाई मात्र चिडल्या. त्यांनी लाकूड पुसलं, नव्या खुणांसाठी चुना मागवला आणि भाऊंना नाळेसह उन्हात ओढून बसवलं. "आता माज्यासंगती तुमीबी हात लावा." खिळा लागला की त्या भाऊंचं बोट धरून त्यावर ठेवत. भाऊ मान हलवत. कळत नव्हतं. ऊन चढत गेलं, बोटांना ऊब येत गेली. एका ठिकाणी हिराबाईंचा हात पुढं सरकला आणि भाऊंचा मागंच थांबला.

"इथं हाय," भाऊ म्हणाले.

हिराबाईंनी परत चाचपलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "मना गावला न्हवता."

तो खिळा भाऊंनी काढला नाही. बाकीची सुरमई त्याच्याभोवती कोरली आणि तो तिचा डोळा झाला. मी सगळा मासा रंगवला, डोळ्याला ब्रश लावला नाही.

होडी पाण्यात लोटायच्या दिवशी हिराबाई हळदीची वाटी घेऊन आल्या. नाळेकडे जाण्याआधी त्या भाऊंपाशी थांबल्या आणि त्यांच्या पांढऱ्या बोटांना, एकेक करून, हळद लावली. मग त्यांचे घरधनी होडीत चढले.

तेव्हापासून ऊन वाडीत उतरल्याशिवाय भुंगा सुरू करायचा नाही, असा हिराबाईंचा हुकूम आहे आणि भाऊ तो पाळतात. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, एवढं आपण सर्वांनी मागू या. मी माझ्यापुरतं आणखी एक मागतो: पौषातल्या प्रत्येक सकाळी चौलच्या त्या वाडीत ऊन जरा लवकर उतरो.