अक्का जपानवरून गेली

सॅन फ्रान्सिस्कोहून भाचीचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूत, हेब्बाळच्या घरी सकाळचा चहा गाळत होतो. "मामा, आई गेली... दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही." फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे आला तो पाच महिन्यांपूर्वीचा, विमानतळावरचा अक्काचा चेहरा. चेक-इनच्या रांगेत इतकं खूश माणूस दुसरं नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. निपाणीहून लग्न होऊन बेंगळुरूला आली, भाऊजींच्या सरकारी नोकरीत सगळा संसार क्वार्टर्समध्ये झाला, आणि सत्तरी ओलांडली तरी विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मेधाने बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "मध्ये दुबईला उतरून जा, पाय मोकळे होतील." "तिथं माझं कोण आहे उतरायला?" अक्का म्हणाली. तिला थेट विमानच हवं होतं. सुमारे चौदा हजार किलोमीटर, सोळा-सतरा तास... ऐकून मला धडकी भरली, तिला मात्र चेव आला. जायचा रस्ता कुठून, म्हणून रोज विचारायची. मी नकाशावर बोट फिरवलं. चीन, जपान, मग समुद्र. दुसऱ्या दिवशी तिने शेजाऱ्यांचा पृथ्वीगोल मागून आणला, त्यावर लोकरीचा धागा ताणला आणि मला हाक मारली. "वसंता, धागा वर सरकतोय बघ की... पार बर्फाकडं. जवळचा रस्ता हाच." तिचं खरं होतं. पुढचे चार दिवस घरी येईल त्याला धागा ताणून दाखवणं चालू होतं, आणि खिडकीतून बर्फ बघायचा म्हणून चष्म्याचा नंबरही बदलून घेतला.

मी मात्र तिला देवनहळ्ळीला विमानतळावर सोडून आलो तो रात्रभर घरात येरझारा घालत होतो. एकटी बाई, गुडघे दुखरे, एवढा लांबचा पल्ला. शेवटी फोन आला, आणि हॅलो म्हणायच्या आत अक्का सुरू झाली. "अरे, तुझाच रस्ता निघाला! जपानवरून आणलं आम्हाला. मी त्या हवाईसुंदरीला धरलंच, की बर्फ कुठाय? ती म्हणाली, अम्मा, हा रस्ता लांबचा, पण वारा पाठीशी आहे, लवकर पोचू. आणि ऐक, दुपारी निघाले ती त्याच तारखेला संध्याकाळी पोचले. घड्याळ तीनच तास पुढं. बाकीचे तास कुठं गेले, तू सांग." हरल्याचं दुःख नावालाही नव्हतं. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, याचंच तिला कोण कौतुक.

ती परत यायची होती, या महिन्यात.

परवा मेधाला व्हिडिओ कॉल लावला, तर तिच्या चार वर्षांच्या ताराने उचलला. आईला बोलव म्हटलं, तर खेळण्यावरची नजर न काढता म्हणाली, "मामाआजोबा, स्वल्प थांबा." स्वल्प... आपलं 'जरा', पण कन्नडातलं. मेधाच्या तोंडी हा शब्द नाही, जावयाला तर मराठीच जेमतेम येते. तो अक्काचा होता, भाजीवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेला.

मी थांबलो.