रिकामी पट्टी

प्रयोगशाळेतल्या ऑपरेटरबाईंना सगळे 'एक्स-रे ताई' म्हणत. हाड मोडलेलं माणूस त्यांच्याकडे एकही आलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणीस वर्षं काम एकच: क्ष-किरणांची सुईसारखी तिरीप पदार्थातून पाठवायची आणि ती किंचित फाकते, ते किती हे मोजायचं. त्यावरून पदार्थाच्या पोटातले अतिसूक्ष्म थर कळतात.

नमुना पिवळ्या चिकटपट्टीत बंद करतात. ही पट्टीसुद्धा किरण फाकवते, म्हणून आधी रिकामी पट्टी मोजून तिचा वाटा वजा करायचा, हा ताईंचा नेम. या खेपेला तर पट्टी नव्या बनावटीची आली होती. पण प्रयोगशाळेच्या साहेबांना संशोधनाचा पेपर छापायची घाई.

"रिकामी पट्टी कसली मोजताय? नमुना लावा!" ते खेकसले. ताईंनी लावला. आलेखावर एक टेंगूळ उठलं आणि साहेब हरखले: नवी रचना सापडली! पुढचे सगळे नमुने ताईंनीच मोजले, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पेपर छापून आला तेव्हा 'मोजणी' या शब्दापुढे नाव होतं साहेबांच्या मेहुण्याचं. त्या गृहस्थाला यंत्राचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही ठाऊक नव्हतं.

"असू द्या हो, तुम्हाला काय करायचंय नाव?" साहेब म्हणाले आणि हसले.

त्या हसण्याचा ताईंनी डूख धरला. त्याच दुपारी त्यांनी रिकामी पट्टी मोजली. टेंगूळ तिथेच, त्याच कोनावर! साहेबांची नवी रचना म्हणजे निव्वळ चिकटपट्टी. एखादीने धावत जाऊन सांगितलं असतं. ताईंनी ताकास तूर लागू दिली नाही.

"आज एवढी खुशीत?" घरी नवऱ्याने विचारलं.

"साहेबांच्या परिषदेतल्या भाषणाची वाट बघतेय."

परिषदेत साहेबांचं भाषण संपलं आणि एका पाहुण्या शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "रिकामी पट्टी वजा केलीत ना? हे टेंगूळ पट्टीचंच दिसतंय."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मागच्या रांगेकडे बोट केलं. "मोजणी सगळी आमच्या या ताईंनी केलीय."

ताई उठल्या. "मी कशी, साहेब? पेपरात तर तुमच्या मेहुण्यांचं नाव आहे. त्यांनाच विचारा की!"

सभागृहात हशा पिकला. एकोणीस वर्षांत साहेबांनी पहिल्यांदाच चारचौघांत श्रेय देऊ केलं होतं. ताईंनी ते साभार परत केलं.